दीपमाळेवरचा शिंजीर

वाघबारशीच्या सुमारास जव्हारहून मोखाड्याच्या रस्त्याने कोणी पायी निघाला, तर दुतर्फा पिवळ्या पडत चाललेल्या गवतात त्याला दीपमाळा उभ्या दिसतील. देवळापुढच्या दगडी दीपमाळा नव्हेत. ही एक रानवनस्पती आहे. पुरुषभर उंचीचा चौधारी दांडा, त्यावर चार-चार बोटांच्या, कधी वीतभर अंतराने बसलेले काटेरी गोल गेंद, आणि प्रत्येक गेंदातून चहूबाजूंनी डोकावणारी केशरी, मखमली फुले. खालचा गेंद विझत आला की वरचा पेटतो. ज्या कोणी तिला प्रथम दीपमाळ म्हटले, त्या अनामिकाला मी लेखणी बाजूला ठेवून नमस्कार करतो. आम्ही कादंबरीकार एका उपमेसाठी रात्री जागवतो. त्याला ती गुरे वळता वळता सापडली असावी.

या दीपमाळेवर ऊन चढू लागले की एक पाखरू येते. चिमणीहूनही लहान, चोच मात्र अंगाच्या मानाने लांब आणि पुढे वाकलेली, एखाद्या दाभणाला बाक यावा तशी. खालच्या गेंदाच्या काट्यांवर पाय रोवून ते वरच्या गेंदातल्या फुलांत एकामागून एक चोच खुपसत जाते आणि माळेला एक प्रदक्षिणा पुरी करून उडते. हा शिंजीर. ग्रंथात त्याला सूर्यपक्षी म्हणतात, उत्तरेकडे शकरखोरा. शिंजीर म्हटले की मला पैंजणाचे शिंजन आठवते, म्हणून मी तेच नाव वापरणार आहे.

हे पाखरू आणि हे फूल यांची गाठ कशी पडली, हा एक इतिहासच आहे. लढाया आणि तहनामे त्यात नाहीत. पण आफ्रिका, लंडन, सुमात्रा आणि आमचे हे डोंगर त्यात आहेत, आणि नाव कोणी कोणाचे ठेवायचे हा जुनाच तंटाही आहे.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजीच्या पुस्तकात हमिंगबर्डचे चित्र असते. ते पाहिल्यावर आमच्या वर्गातले कोणीतरी पोर खिडकीबाहेर बोट करून ओरडतेच, “गुरुजी, तो बघा हमिंगबर्ड!” शहरातली शिकलेली माणसेही तसेच म्हणतात. वस्तुतः हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडांचा रहिवासी. त्याच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, पण त्यांतली एकही आपल्या बाजूच्या गोलार्धात रानात सापडत नाही. तो पाकोळीच्या गोतातला. आपला शिंजीर चिमणी-फिंचांच्या मोठ्या गोतावळ्यातला. एकाला पूर्वेकडे फुलांतला मध मिळाला, दुसऱ्याला पश्चिमेकडे. दोघांनी स्वतंत्रपणे चोच लांबवली, जीभ नळीसारखी केली आणि अंगावर धातूची झळाळी चढवली. हमिंगबर्ड हवेत थबकून पितो. शिंजिरालाही ती कसरत थोडा वेळ जमते, पण त्याचे मन बसून पिण्यात. आमच्याकडच्या पाहुण्यांसारखाच, उभ्याउभ्या घेतलेल्या चहाने त्याचे समाधान होत नाही.

शिंजिराच्या कुळात सुमारे दीडशे जाती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आफ्रिकेच्या. तिथल्या शिंजिरांचे वर्णन वाचताना सराफाच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते. केप प्रांतातला एक पाचूसारखा हिरवा, शेपटीतली दोन पिसे लांबलचक लोंबणारी. दुसऱ्याच्या गळ्याखाली निळ्या आणि लाल अशा दोन पट्ट्या, जणू दुहेरी कंठा. स्वीडनच्या लिनीयसने १७६६ साली आपल्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत या दोघांना शास्त्रीय नावे दिली. त्याच ग्रंथात लंकेच्या नावाने नोंदलेले एक पाखरू आहे, तेच आमच्या अंगणात जास्वंदीवर येते. पाठीवर किरमिजी, कंबरेवर जांभळे, पोटाशी हळदीसारखे पिवळे. लिनीयसने या सर्वांना युरोपातल्या, झाडाच्या सालीवर चढणाऱ्या एका मळकट पाखराच्या रांगेत बसवले होते. चोच वाकडी म्हणून नाते जुळले. पण त्यातही केपचा आणि लंकेचा पक्षी एकाच पंगतीत बसला, एवढे खरे.

त्या पंगतीला स्वतंत्र कुळाचे नाव मिळाले १८२५ साली. देणारा निकोलस व्हिगर्स, आयर्लंडचा. तरुणपणी हा नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्पेनमध्ये लढून जखमी झाला, मग पक्ष्यांकडे वळला आणि लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाचा पहिला चिटणीस झाला. त्याला पाचाचे वेड होते. सृष्टीतला प्रत्येक गट पाच पोटगटांत विभागलेला आहे आणि ते पाच वर्तुळात बसतात, असा एक सिद्धांत त्या काळी निघाला होता; व्हिगर्स त्याचा कट्टर पुरस्कर्ता. आपल्या पंचपाळ्यासारखी सृष्टी! तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. पण त्या पंचपाळ्यात बसवण्यासाठी त्याने फुलांतला मध पिणाऱ्या या पाखरांचे जे कुळ वेगळे काढले, ते मात्र टिकले. आजही त्या कुळाच्या नावामागे व्हिगर्स आणि १८२५ असेच लिहितात. खोट्या पायावर एखादी खोली पक्की बांधली जावी, तशी ही गोष्ट.

आता सह्याद्रीकडे येऊ. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने १८२४ साली विल्यम साइक्स नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करायला नेमले. माणसे किती, पिके कोणती, पाऊस किती, वजनेमापे कोणती. साइक्स चौकस होता. मोजदाद करता करता त्याने पक्षीही जमवले, आणि १८३१ मध्ये विलायतेस परतताना ते बरोबर नेले. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या त्याच प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडली. शास्त्राला नवे असे पन्नासांहून अधिक पक्षी तीत होते. आपल्या ओढ्याकाठी खांदे पाडून उभा असणारा वंचक, तोही शास्त्रात आला तो याच यादीतून. आणि तीतच घाटाच्या रानातला एक शिंजीर होता. गळा आणि छाती रक्तासारखी लाल, त्या लालीवर पिवळ्या बारीक रेघा, डोक्यावर आणि कानशिलावर जांभळी-निळी चमक. त्याचे नाव काय ठेवावे? मंडळाचे चिटणीस व्हिगर्स समोरच होते. साइक्सने पाखराला व्हिगर्सचे नाव दिले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. लॅटिन माझ्या वाट्याला आलेले नाही. तरी एवढे कळते की डांगच्या रानापासून सह्याद्रीच्या धारेने दक्षिणेकडे जे पाखरू राहते, आणि जगात इतरत्र कुठेच राहत नाही, त्याच्या नावात ना सह्याद्री आहे, ना घाट, ना आमच्या भाषेतले एखादे अक्षर. व्हिगर्स इकडे कधी आला नाही. त्याच्या विद्वत्तेविषयी माझी तक्रार नाही. पण तुलनेला एक उदाहरण देतो. याच पाखराचा एक जवळचा भाऊबंद सुमात्रात सापडला. रॅफल्सने १८२२ साली त्याला शास्त्रीय नाव दिले ते ‘सिपाराजा’, म्हणजे तिथले मलायी लोक त्याला जे म्हणत तेच. हाही ईस्ट इंडिया कंपनीचाच अधिकारी, आणि दोन्ही नावांत अंतर अवघ्या दहा वर्षांचे. म्हणजे विचारले असते तर चालले असते!

पुढे या सिपाराजाने आमच्या पाखराला गिळले. हिमालयाच्या पायथ्यापासून फिलिपाइन्सपर्यंत त्याचे राज्य. सह्याद्रीतला लाल शिंजीर म्हणजे या मोठ्या राज्याचे एक दूरचे ठाणे, स्वतंत्र जात नव्हेच, असे मत रूढ झाले. १९६८ ते १९७४ या काळात सालीम अली आणि रिप्ली यांचे दहा खंड निघाले, त्यांतही तो उपजात म्हणूनच नोंदला आहे. मग २००५ साली रासमुसेन आणि अँडरटन यांच्या ग्रंथात त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचा मान मिळाला, आणि आता बहुतेक सगळे तो मानतात. या सर्व घालमेलीत पाखरू घाटातच होते. त्याला यातले काही कळले नाही हे उघडच आहे. जव्हारकरांना मात्र असल्या घालमेलीची सवय आहे. मुकण्यांचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, जव्हार ठाणे जिल्ह्यातला तालुका बनला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला तेव्हा पत्ता पुन्हा बदलला. दाभोशाचा धबधबा पडायचा तिथेच पडतो.

संस्थानाचा विषय निघालाच आहे, तर त्याची जन्मकथा इथे सांगण्याजोगी आहे, कारण तीही आफ्रिकेशी जुळते. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ती आहे आणि आमच्याकडची म्हातारी माणसेही सांगतात. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने इथल्या वारली नायकाकडे जमीन मागितली. किती? तर बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी. नायक हसून हो म्हणाला. मग याने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात आले ते सगळे राज्य घेतले. हीच कथा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिसजवळच्या कार्थेज नगरीविषयी दोन हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते. तिथे वाद्या कापणारी राणी डिडो आहे. आमच्याकडे ती कथा कोणत्या वाटेने आली, की दोन्हीकडे शहाण्या माणसाला आपापली सुचली, हा विचार करता करता मला शिंजीर आणि हमिंगबर्ड आठवतात. काही गोष्टी नात्याने सारख्या असतात, काही गरजेने.

आता दीपमाळ. मी इतका वेळ तिला रानवनस्पती म्हणतो आहे, पण ती मूळची इथली नाही. तिचे माहेर आफ्रिकेचा उष्ण प्रदेश. लिनीयसने तिला १७५३ मध्ये नाव दिले, १८११ मध्ये रॉबर्ट ब्राउनने तिला आजच्या प्रजातीत बसवले. त्या प्रजातीच्या ग्रीक नावाचा अर्थ सिंहाचा कान. फुलाची वरची केसाळ पाकळी पाहिली की ते नावही पटते. युरोपातल्या पंडिताला तिथे सिंह दिसला, आमच्या गुराख्याला देऊळ दिसले. आणि ज्या दिवसांत आमच्याकडे वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, त्याच दिवसांत हे सिंहाचे कान पेटतात. अशा योगायोगाला लेखकाने हात लावू नये, तो आहे तसाच ठेवावा.

या फुलाची रचना पाहण्यासारखी आहे. फुलाची नळी लांब आणि किंचित बाक घेतलेली, तळाशी मध. पुंकेसर त्या लवदार वरच्या पाकळीच्या आडोशाला लपलेले. चोच नळीत पुरती शिरली की पाखराचे कपाळ नेमके पुंकेसरांना टेकते आणि परागाचा टिळा लागतो. पुढच्या झुडपावर तोच टिळा स्त्रीकेसराला पुसला जातो. आफ्रिकेत तिथल्या शिंजिरांच्या चोचींशी युगानुयुगे व्यवहार करून हे फूल असे घडले. ते झुडूप समुद्रापलीकडे आमच्या डोंगरात येऊन पोचले, तेव्हा त्याच कुळातले एक पाखरू त्याच बाकाची चोच घेऊन इथे आधीपासून राहत होते. ओळख करून द्यायला कोणी मध्यस्थ लागला नाही. परक्या गावात नोकरीला गेलेल्या माणसाला खानावळीत आपल्या आईच्या हातची आमटी मिळावी, असे काहीतरी. गंमत अशी की हीच दीपमाळ अमेरिकेच्या उष्ण भागांतही पसरली आहे, आणि तिथे तिच्यावर मध प्यायला येतो तो हमिंगबर्ड. ज्या दोन पाखरांची एकमेकांशी कधी गाठ पडायची नाही, त्यांची ताटे या एका झुडपाने मांडून ठेवली आहेत.

पक्षी आणि फूल यांच्या या देवघेवीकडे आपल्याकडे प्रथम नीट लक्ष दिले ते सालीम अली यांनी. १९३२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भारतातल्या फूलपक्ष्यांवर आणि पक्षीफुलांवर दीर्घ लेख लिहिला. पळस, पांगारा, सावर, बांडगूळ, ही सगळी मंडळी त्या हिशेबातली. लाल-केशरी रंग, भरपूर मध, दिवसा उमलणे: पाखरासाठी फुलाने मांडलेले हे दुकान. भुंग्या-फुलपाखरांच्या फुलांचा थाट वेगळा, वटवाघळासाठी रात्री उमलणाऱ्यांचा आणखी वेगळा.

दिवाळीच्या दिवसांत आमच्या शाळेत एक वाद हटकून होतो. रस्त्याच्या आणि मैदानाच्या कडेची झाडी साफ करायची असते, आणि दीपमाळ त्यात पहिली कापली जाते. काटेरी आहे, गुरे तिला तोंड लावत नाहीत. शिवाय आता शिकलेली तरुण मुले गावात येतात, ती म्हणतात की हे परदेशी तण आहे, उपटलेच पाहिजे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परकी झुडपे इथल्या गवताची जागा खातात, हे मी टणटणीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून दीपमाळ मुद्दाम लावा असे मी कोणाला सांगणार नाही. पण पाऊस संपलेला असतो, पळस-पांगारा फुलायला अजून तीन-एक महिने असतात, आणि या मधल्या दिवसांत शिंजिराची एक चूल तिच्यावर पेटते. मी मुलांना मैदान साफ करायला लावतो आणि बांधाच्या कडेची रांग राखून ठेवतो. बी झडायच्या आत तीही कापून घेतो. मुले राखलेल्या रांगेतली फुले उपटून त्यांची बुडे चोखतात. त्याला माझी हरकत नाही. पाखराला उरते.

या दिवसांत जांभळा शिंजीर पाहिलात तर कदाचित ओळखणार नाही. वसंतात नखशिखांत काळा-जांभळा चमकणारा हा नर पावसाळ्यानंतर आपला सगळा थाट उतरवून ठेवतो. मादीसारखा पिवळट-भुरा होतो, आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी राहते, मळलेल्या सदऱ्यावरच्या गुंड्यांच्या पट्टीसारखी. सारा मुलूख नवे कपडे घालतो तेव्हा हा जुने घालून हिंडतो. त्याचा सण पुढे असतो.

दिवाळी सरली, भात झोडून झाले, की आमच्या हजेरीपटावर लाल शाई वाढू लागते. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे पोरांबाळांसह वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. ट्रक पहाटे येतो. वर्गात पुढचे दोन बाक रिकामे, मग चार. या पोरांना तिथे ‘बाहेरची’ म्हणतात. चाळीस-पन्नास मैलांवर, त्याच भाषेत, आणि बाहेरची! दीपमाळेला समुद्र ओलांडून इथे घर मिळाले, नावही आपल्या भाषेतले मिळाले. या लेकरांना खाली उतरल्यावर दोन्ही मिळत नाही. मी त्यांना वह्या बरोबर देतो. काहींच्या परत येतात, त्यांत भट्टीची तांबडी धूळ असते.

माघ-फाल्गुनात सूर्यमाळच्या अंगाला पळस पेटतो. पळस हा आमचा संसारच म्हणा ना: पानांच्या पत्रावळी, मुळांच्या दोऱ्या, शिमग्याचा रंग. त्याच्या फुलावर मैना येतात, बुलबुल येतात, कोतवाल येतात, सगळे गाव जेवून जाते. पण २००३ साली दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या फुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की एवढ्या पाहुण्यांत पराग योग्य ठिकाणी पोचवून बी धरायला लावणारा पक्षी एकच, हा जांभळा शिंजीर, जोडीला खार. बाकीचे नुसतेच पंगतीला. वावभर उंचीच्या झुडपांपासून डोंगरभर पसरलेल्या पळसापर्यंत एवढी उस्तवार करणाऱ्या या पाखराचे वजन आठ-दहा ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने तोळ्याहूनही कमी.

तोवर नराचा जांभळा रंग पुरा भरलेला असतो. मादी घरट्याला लागते. घरटे ती एकटीच बांधते. नर जवळच्या फांदीवर बसून गातो, यावर आमच्या घरातून दरवर्षी जे बोलले जाते ते इथे लिहीत नाही. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी गवत, सालीचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा असा सगळा केरकचरा सांधून ती एक लोंबती पिशवी करते आणि दारावर पावसाउन्हासाठी लहानशी पडवी काढते. माणसाच्या वावराची तिला भीती नसते. ओसरीच्या तारेला, दाराशेजारच्या वेलीला, कुठेही ती लोंबवते.

शिमग्याला भट्ट्यांवरची माणसे चार दिवस घरी येतात, पोरेही येतात. गेल्या शिमग्यात शाळेच्या वळचणीच्या तारेला असेच एक घरटे होते, आणि पडवीच्या कडेला शिंजिरीने आखीव वहीच्या कागदाची एक चिंधी गुंफली होती. अक्षर कोणाचे म्हणून भट्टीवरून आलेली दोन पोरे बाकावर चढून पाहत होती. मी त्यांना उतरायला सांगितले, कारण आत दोन अंडी होती.